गाठीतले शेजारीपाजारी : ब्रेस्ट कॅन्सरच्या भोवतालच्या पेशी नक्की काय उद्योग करतात?

फॉर्मॅलिनवाली :

मागे एका धाग्यावर अबोली_२२ यांनी मावशीच्या रिपोर्टमधला एक शब्द विचारला होता, डेस्मोप्लास्टिक स्ट्रोमा, आणि मी "सविस्तर लिहिते" म्हणून जी गायब झाले ती आज उगवतेय. त्यासाठी सॉरी. वेगळाच धागा काढते कारण तिकडे लिहिलं असतं तर डाएटच्या भांडणात वाहून गेलं असतं.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. नऊ वर्षं पॅथॉलॉजीत ग्रॉसिंगच्या टेबलावर मदतनीस होते, आता एका लॅबमध्ये पेशी वाढवायचं काम करते. तेव्हा कोणी गोळीचा डोस विचारू नका, सांगणार नाही.

तर ग्रॉसिंग म्हणजे काय, ऑपरेशनमध्ये काढलेला भाग डब्यात फॉर्मॅलिनमध्ये (भाग सडू नये म्हणून वापरतात ते द्रव) बुडून आमच्याकडे येतो, त्याच्या कडांना शाई लावायची, मग त्याचे काप करायचे, आणि बघायचं गाठ कुठे आहे, केवढी आहे, कडेपासून किती लांब आहे. स्तनाचा निरोगी भाग वय झालेल्या बाईत बहुतेक पिवळाधमक आणि मऊ असतो, सुरी लोण्यातून गेल्यासारखी जाते, ब्लेड इतकं तेलकट होतं की दर दोन कापांनी पुसावं लागतं. आणि मग मध्येच सुरी अडते. कर्रर्र असा आवाज, कच्चं पेअर (नासपती) कापताना येतो ना, अगदी तसा. आत बघावं तर करडी-पांढरी चांदणी, आणि तिचे पाय पिवळ्या चरबीत सगळीकडून घुसलेले.

मला कितीतरी दिवस वाटायचं की ती पांढरी चांदणी म्हणजेच कॅन्सर. एकदा आमच्या मॅडमनी तिचीच स्लाइड लावली आणि म्हणाल्या बघ, यात कॅन्सर कुठाय दाखव. खाली सगळं गुलाबीच गुलाबी. त्या गुलाबी माळरानात मध्ये मध्ये चार-पाच निळ्या ठिपक्यांची बेटं, कुठे एकामागे एक रांग. कॅन्सर तेवढाच. बाकी सगळं गुलाबी म्हणजे कोलॅजेनचे दोर, आणि ते वळणाऱ्या लांबुळक्या पेशी, फायब्रोब्लास्ट. म्हणजे अशा गाठीत हाताला जो दगडासारखा कडकपणा लागतो तो बराचसा कॅन्सरच्या पेशींचा नसतोच, शेजाऱ्यांनी केलेल्या बांधकामाचा असतो. डेस्मोप्लास्टिक स्ट्रोमा म्हणजे हेच बांधकाम. स्ट्रोमा म्हणजे आधाराचा सगळा बारदाना.

या बारदान्यात कोण कोण येतं? फायब्रोब्लास्ट, चरबीच्या पेशी, रक्तवाहिन्या, मॅक्रोफेज आणि लिम्फोसाइटसारख्या प्रतिकारशक्तीच्या पेशी. आणि एक आणखी, ज्यांचं नाव बाहेर कोणी घेत नाही, मायोएपिथेलियल पेशी. दुधाच्या नळीचा आडवा छेद घेतला तर आत एक थर दूध करणाऱ्या पेशींचा आणि त्याला बाहेरून मिठी मारून बसलेला दुसरा थर यांचा, बाळ प्यायला लागलं की याच आवळून दूध पुढे ढकलतात. त्याच्या बाहेर एक पातळ पडदा. कॅन्सरच्या पेशी नळीच्या आतच वाढल्यात आणि हा बाहेरचा थर आणि पडदा शाबूत आहे, तर रिपोर्टवर डीसीआयएस लिहितात. कुंपण मोडून बाहेर पडल्या की इन्व्हेसिव्ह. शंका असेल तर पॅथॉलॉजिस्ट वेगळं स्टेनिंग करून मायोएपिथेलियल थर शिल्लक आहे का ते मुद्दाम बघतात. निदान कॅन्सरचं करायचं आणि शोधायचं कोणाला, तर शेजाऱ्याला.

आता हे शेजारी बांधकाम का काढतात? हॅरल्ड ड्वोराक म्हणून अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट, त्यांनी १९८६ साली मांडलं की ट्यूमर म्हणजे न भरणारी जखम. बोट कापलं की फायब्रोब्लास्ट जागे होतात, कोलॅजेन वळतात, जखमेच्या कडा आवळून जवळ ओढतात, नव्या रक्तवाहिन्या येतात, काम झालं की मंडळी निवृत्त. कॅन्सरची पेशी टीजीएफ-बीटासारखे निरोप सोडत राहते आणि हे बिचारे समजतात इथे जखम आहे. ती जखम काही भरत नाही, त्यामुळे यांची ड्युटी संपत नाही.

बाकीचं प्रश्न येतील तसं लिहिते, एकदम टाकलं तर कोणी वाचणार नाही.

जिलबी_बाई :

वाचनखूण साठवली. तो कर्रर्र आवाज डोक्यातून जाईना. पण एक बाळबोध प्रश्न, मग कॅन्सर नक्की कोणाला झालाय? त्या फायब्रोब्लास्टला पण झालाय का? का ते नुसतेच हमाल?

फॉर्मॅलिनवाली :

बाळबोध अजिबात नाही, यावर लोकांनी वर्षं घालवलीत. फायब्रोब्लास्टची जीन्स बहुतेक करून धड असतात, बिघाड कॅन्सरच्या पेशीत असतो. यांची फक्त वागणूक बदलते. पण हमाल म्हणाल तर तसंही नाही. २००५ साली रॉबर्ट वाइनबर्ग या अमेरिकन कॅन्सर संशोधकांच्या लॅबमधून एक काम आलं, त्यात त्यांनी ब्रेस्ट कॅन्सरच्या गाठीतले फायब्रोब्लास्ट घेतले आणि त्याच बाईच्या गाठीपासून लांबच्या भागातले साधे फायब्रोब्लास्ट घेतले, दोन्ही वेगवेगळे कॅन्सरच्या पेशींबरोबर मिसळून उंदरांना दिले. गाठीतले ज्यांना मिळाले त्यांचे ट्यूमर मोठे झाले, आत रक्तवाहिन्या जास्त. गाठीतले फायब्रोब्लास्ट एसडीएफ-१ नावाचं द्रव्य सोडतात, त्याने कॅन्सरच्या पेशीला वाढायला जोर मिळतो आणि रक्तवाहिन्या घडवणाऱ्या पेशी लांबून बोलावल्या जातात. आणि गंमत म्हणजे हे फायब्रोब्लास्ट कॅन्सरपासून वेगळे करून बशीत कितीतरी पिढ्या वाढवले तरी सवय सोडत नाहीत. विरजण लागलं ते लागलं.

माझा स्वतःचा अनुभव म्हणजे या फायब्रोब्लास्टांनी माझा छळ मांडलाय. ट्यूमरचा तुकडा बारीक चिरून फ्लास्कमध्ये लावायचा, हेतू असतो कॅन्सरच्या पेशी वाढवायच्या. चारपाच दिवस काहीच नाही, आठवड्याभरात तुकड्याच्या कडेने लांबट पेशी सरपटत बाहेर येतात, मला केवढा आनंद! मग कळतं हे तेच. दोन-तीन आठवड्यांत सगळ्या फ्लास्कभर माशांच्या थव्यासारखे एका दिशेला तोंड करून पसरतात आणि कॅन्सरच्या पेशी मेलेल्या. माणसाच्या अंगात जी पेशी कोणाला आवरत नाही तिला प्लॅस्टिकवर जगवताना आमच्या नाकी नऊ येतात.

वाफसा :

छान लिहिताय ताई. मी द्राक्षवाला माणूस, तासगाव भाग, आपल्याला पेशीबिशीतलं कळत नाही. पण तुम्ही जे सांगताय ते आम्ही जन्मभर बघतोय की. एकच बी, एकच खत, एका रानात सुसाट येतं आणि बांधापलीकडं उगवत पण नाही. मातीचा खेळ आहे सगळा.

फॉर्मॅलिनवाली :

काका, तुम्ही १८८९ मध्ये पोचलात बघा थेट! स्टीफन पॅजेट नावाचे लंडनचे सर्जन होते, त्यांनी ब्रेस्ट कॅन्सरने गेलेल्या ७३५ बायकांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी गोळा केल्या. त्यांना दिसलं की कॅन्सर लिव्हरमध्ये पुष्कळदा पसरतो आणि प्लीहेत क्वचित. रक्त तर दोघांकडे जातं. नुसतं रक्ताबरोबर वाहत जाऊन जिथे अडकेल तिथे रुजत असता तर असं का व्हावं? तेव्हा त्यांनी हेच म्हटलं, बी सगळीकडे पडतं पण माती मानवेल तिथेच उगवतं. पुढे जेम्स युइंग या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टनी १९२० च्या दशकात उलटं मांडलं की नाही हो, रक्तप्रवाह आणि नळ्यांची रचना हेच कारण, आणि पॅजेटचं म्हणणं बरीच वर्षं बाजूला पडलं. आज दोघांनाही थोडं थोडं बरोबर धरतात.

आणि माती मानवते म्हणजे काय त्याचा एक धागा २००१ मध्ये मिळाला. ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशींवर सीएक्ससीआर४ नावाचा ॲन्टेना भरपूर असतो. तो ज्या संदेशाला ओढला जातो तो वर सांगितलेला एसडीएफ-१ च. आणि तो जास्त कुठे सापडला, तर फुप्फुस, लिव्हर, बोनमॅरो, लिम्फ नोड. म्हणजे ब्रेस्ट कॅन्सर नेमका जिथे जातो त्याच जागा.

वाफसा :

हे भारी आहे. पण एक शंका. आमचं बी काय स्वतः उठून रान नांगरत नाही. पेरणारा वाफसा बघून पेरतो. इथं पेरणारा कोण?

फॉर्मॅलिनवाली :

काका इथेच तुमचं बी आणि माझं बी वेगळं. हे बी नांगरतं. २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या डेव्हिड लायडन यांच्या गटाने उंदरांत दाखवलं की मूळ ट्यूमर जागेवर असतानाच त्याचे संदेश रक्तातून फिरतात, बोनमॅरोतल्या काही पेशी उठून फुप्फुसात जाऊन ठिय्या देतात, तिथले फायब्रोब्लास्ट त्यांना धरून ठेवणारं द्रव्य वाढवतात, आणि कॅन्सरची पहिली पेशी तिथे पोचते ती नंतर. रान तयार करून ठेवलेलं. असं माणसात जसंच्या तसं होतं असं मी छातीठोक म्हणणार नाही, उंदीर तो उंदीर. पण पॅजेटना हे बघायला मिळायला हवं होतं असं मला नेहमी वाटतं.

रात्रपाळी :

मी ऑन्कोलॉजी वॉर्डला सिस्टर आहे. धागा आवडला. मॅक्रोफेजवर कोणी लिहिलं नाही म्हणून मी लिहिते, आमच्या ट्रेनिंगमध्ये एक लेक्चर झालं होतं तेव्हापासून डोक्यात बसलंय, चुकलं तर फॉर्मॅलिनताई सुधारा.

आपल्याला शाळेत शिकवलेलं असतं की पांढऱ्या पेशी म्हणजे सैनिक, मॅक्रोफेज म्हणजे भक्षक, घाण खाणारे. ते खरंच आहे, पण जखम भरायच्या वेळी हेच मॅक्रोफेज मारामारी सोडून डागडुजीला लागतात, रक्तवाहिन्या बोलवा, वाढीची द्रव्यं सोडा वगैरे. ट्यूमरमध्ये ते या डागडुजीच्याच अवतारात अडकतात. २००१ मध्ये जेफ्री पोलार्ड यांच्याकडे उंदरांवर प्रयोग झाला, ब्रेस्ट कॅन्सर हमखास होणाऱ्या जातीच्या उंदरांमधून सीएसएफ-१ काढून टाकलं, म्हणजे मॅक्रोफेजना बोलावणारा निरोपच बंद. गाठी आल्या त्या आल्याच. पण पुढे बिघडण्याचा वेग मंदावला आणि फुप्फुसात पसरणं खूप कमी झालं. म्हणजे सुरुवात त्यांच्यामुळे नव्हती, प्रवास त्यांच्यामुळे होता.

आणि त्यांचा व्यवहार कसा तर कॅन्सरची पेशी सीएसएफ-१ देते, मॅक्रोफेज ईजीएफ हे वाढीचं द्रव्य देतो, एकमेकांना ओढत जोडीने चालतात. जिवंत उंदराच्या ट्यूमरमध्ये मायक्रोस्कोपने हे चालताना बघितलंय लोकांनी. रक्तवाहिनीपाशी आल्यावर भिंतीला चिकटून बसलेला मॅक्रोफेज दार किलकिलं करतो आणि पेशी आत शिरते. वॉचमननेच चोराला लिफ्ट दाखवावी तसं.

फॉर्मॅलिनवाली :

सिस्टर काहीही चुकलेलं नाही. वॉचमनचं उदाहरण ढापतेय, आगाऊ माफी.

खुसपट :

छान छान. पण मॅडम तुमच्याच लिखाणातून काय निघतं बघा. ट्यूमर म्हणजे जखम, जखमेतले फायब्रोब्लास्ट आणि मॅक्रोफेज कॅन्सर वाढवतात. मग बायोप्सी म्हणजे सुई खुपसून जखमच करताय ना? ऑपरेशन म्हणजे तर मोठी जखम. आमच्या गावात म्हणतातच, गाठीला लोखंड लागलं की ती चवताळते. लोक अडाणी नव्हते.

जिलबी_बाई :

आले खुसपट. चहा ठेवते.

फॉर्मॅलिनवाली :

खुसपटराव, प्रश्न खोडसाळ आहे पण टाळण्यासारखा नाही, कारण "लोखंड लागलं" या दोन शब्दांपायी मी बायका सहा-सहा महिने उशिरा आलेल्या बघितल्यात. एक तर गाठ फुटून वास यायला लागल्यावर आल्या होत्या, घरच्यांनी तोवर लेप लावले.

तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा मीच देते. १९११ मध्ये पेटन राउस यांनी कोंबडीत कॅन्सर करणारा व्हायरस दाखवला, त्याला १९६६ मध्ये नोबेल मिळालं. पुढे १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियात मिना बिसेल यांच्या लॅबने बघितलं की पिल्लाच्या एका पंखात हा व्हायरस टोचला तर ट्यूमर त्याच पंखात येतो, व्हायरस रक्तातून सगळीकडे फिरत असूनही दुसरीकडे येत नाही. मग दुसऱ्या पंखाला जखम केली. तिथे आला. पुढे १९९० मध्ये जखमेऐवजी टीजीएफ-बीटा टोचून बघितलं, तरी आला. आणि त्याआधी हाच व्हायरस अंड्यातल्या कोवळ्या भ्रूणाला दिला होता, तिथे पेशीत तोच कॅन्सरचा जीन असून ट्यूमर झालाच नव्हता. बिसेलबाई सांगत होत्या की जीन बिघडला एवढ्यावर भागत नाही, शेजार काय म्हणतोय ते बघा. तेव्हा फार कोणी ऐकून घेतलं नाही म्हणतात.

आता यातून बायोप्सी वाईट असं निघतं का? नाही. ती कोंबडी होती, आणि तिच्या अंगभर कॅन्सर करणारा व्हायरस खेळत होता. बाईच्या गाठीत जखमेचा गोंधळ तुमच्या सुईच्या आधीपासूनच, गाठ स्वतःच घालत बसलेली असते. आणि बायोप्सीशिवाय ईआर, पीआर (इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन पकडणारे पेशीतले ॲन्टेना), हर-२ (वाढीचा निरोप घेणारा ॲन्टेना) काहीच कळत नाही, म्हणजे औषध कुठलं द्यायचं तेच कळत नाही. गाठ काढली नाही तर काय होतं ते वर लिहिलंच.

पण ऑपरेशनच्या त्या तासाभरात शेजारी काय करतात हा प्रश्न आपल्याच लोकांनी गंभीरपणे घेतला, हे मात्र तुम्हाला सांगायलाच हवं. परळच्या टाटा मेमोरियलचे राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी देशातल्या अकरा केंद्रांत ट्रायल केली, ती २०२३ मध्ये छापून आली. गाठ काढायच्या ७ ते १० मिनिटं आधी गाठीच्या चहुबाजूंनी लिडोकेन टोचायचं. हो हो, तेच, दाताचे डॉक्टर हिरडीत देतात ते बधिर करायचं औषध. १५८३ बायका, अर्ध्यांना दिलं, अर्ध्यांना नाही. पाच वर्षांनी आजार न उलटता असलेल्या, न दिलेल्यांत ८२.६ टक्के आणि दिलेल्यांत ८६.६ टक्के, हयात असलेल्या न दिलेल्यांत ८६.४ आणि दिलेल्यांत ९०.१ टक्के. टेबलावर हात लागल्यावर पेशींची जी पळापळ होत असावी ती लिडोकेनने पेशीच्या भिंतीतल्या सोडियम आत सोडणाऱ्या वाहिन्या बंद झाल्याने थांबत असावी असा त्यामागचा विचार. माझं मत विचाराल तर दुसऱ्या देशांनीही ही ट्रायल करून बघावी, इतक्या स्वस्त औषधासाठी कुठलीही कंपनी पैसे घालणार नाही हेही तितकंच खरं.

खुसपट :

लिडोकेनचं माहीत नव्हतं. भावना पोचल्या. बायोप्सीबद्दलचं मागे घेतो, अर्धं.

अबोली_२२ :

ताई खूप खूप आभार, मी पहिल्या पोस्टपासून वाचतेय, मध्ये रडू पण आलं. मावशीचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं झालंय, आता लेट्रोझोल चालू आहे. ती ६३ वर्षांची, पाळी जाऊन बारा-तेरा वर्षं झाली. ओपीडीत विचारलं होतं की पाळी गेलीय मग हार्मोन बंद करायची गोळी कशाला, तर "चालू ठेवा" एवढंच उत्तर मिळालं, मागे पन्नास पेशंट उभे, त्यांचा तरी काय दोष. मावशी म्हणते कारखानाच बंद पडला तर संप कसला करताय.

फॉर्मॅलिनवाली :

मावशींना नमस्कार सांग, वाक्य फ्रेम करून लावण्यासारखं आहे.

मोठा कारखाना म्हणजे अंडाशय, तो बंद. पण घरोघरी कुटीरोद्योग चालू असतो. चरबीच्या थरात, खुद्द स्तनाच्या चरबीतही, ॲरोमाटेज नावाचं एन्झाइम असतं, विशेष करून चरबीच्या पेशींमध्ये राहणाऱ्या फायब्रोब्लास्टसारख्या आधारपेशींत. ॲड्रिनल ग्रंथीतून येणारा कच्चा माल घेऊन हे एन्झाइम त्याचं इस्ट्रोजेन करतं. पाळी गेल्यावर बाईच्या अंगात इस्ट्रोजेन येतं ते मुख्यतः इथून. गाठीजवळच्या चरबीत तर हे काम आणखी जोरात चालतं, म्हणजे ईआर पॉझिटिव्ह कॅन्सरला शेजारीच घरपोच डबा. लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोल या गोळ्या ॲरोमाटेजच बंद करतात. म्हणजे मावशी रोज जी गोळी घेतात ती कॅन्सरच्या पेशीवर थेट जात नाही, शेजाऱ्याचा डबा बंद करते. पाळी चालू असणाऱ्यांना ही एकटी देऊन उपयोग नाही, तिथे मोठा कारखाना चालू असतो, तो वेगळा बंद करावा लागतो.

जिलबी_बाई :

म्हणजे जाड बायकांना जास्त? आता हे पण ऐकायचं का आम्ही 😐

फॉर्मॅलिनवाली :

पाळी गेल्यानंतर वजन जास्त असेल तर धोका वाढतो, हे खरं आहे, आणि त्यामागे हेही एक कारण आहे. पण ग्रॉसिंगच्या टेबलावर काटक्यांसारख्या बायकांच्या गाठी पण ढिगाने आल्यात. भारतात २०२२ या एका वर्षात ब्रेस्ट कॅन्सरचे साधारण १ लाख ९२ हजार नवे पेशंट झाले असा अंदाज आहे, त्यात सगळ्या मापाच्या बायका आहेत. तेव्हा कोणी तुला "वजनामुळे झालं" म्हणालं तर त्याला माझ्याकडे पाठव.

मॅडिसनकर :

इतके दिवस नुसतं वाचत होतो, आज लिहायला बाहेर येतोय. मी विस्कॉन्सिनला, बायोमेडिकल ऑप्टिक्समध्ये काम करतो, त्यामुळे कोलॅजेन आला की राहवत नाही. आमच्या या युनिव्हर्सिटीत पॅट्रिशिया कीली यांच्या गटाने दाखवलं होतं की नुसतं कोलॅजेन किती आहे एवढं महत्त्वाचं नाही, तंतूंची दिशा बघा. सुरुवातीला तंतू गाठीभोवती पागोट्यासारखे गुंडाळलेले असतात. पुढे ते ताणले जाऊन गाठीच्या कडेला काटकोनात उभे राहतात, आणि कॅन्सरच्या पेशी त्या तंतूंवरून रुळावरून गेल्यासारख्या बाहेर जातात. २०११ मध्ये पेशंटच्या स्लाइडवर बघितलं तर असे उभे तंतू ज्यांच्यात होते त्यांचा आजार पुढे जास्त वाईट गेला होता.

अवांतर : इकडे सप्टेंबर २०२४ पासून मॅमोग्रामच्या रिपोर्टबरोबर प्रत्येक बाईला तिचा स्तन डेन्स आहे की नाही ते कळवणं बंधनकारक झालंय. डेन्स म्हणजे चरबी कमी आणि ग्रंथी व तंतुमय आधार जास्त. फिल्मवर तो पण पांढरा आणि गाठ पण पांढरी, त्यामुळे गाठ लपते, शिवाय धोकाही जास्त. बायकोला पत्र आलं तेव्हा ती घाबरली होती, डेन्स म्हणजे आजार नाही हे समजवायला अर्धा तास लागला.

खुसपट :

एवढे सगळे गुन्हे त्या फायब्रोब्लास्टचे तर मारून टाका ना त्यांनाच. संशोधक वाट कशाची बघताहेत?

फॉर्मॅलिनवाली :

हा मात्र तुमचा सगळ्यात चांगला प्रश्न, आणि याच्याचसाठी मी धागा काढला असं म्हटलं तरी चालेल.

मारून बघितलं. पॅनक्रियाजच्या कॅन्सरमध्ये, तिथे तर गुलाबी बांधकाम स्तनापेक्षा कितीतरी जास्त असतं. स्ट्रोमा पातळ केला की औषध आत पोचेल असा हिशोब, उंदरांत आधी आशादायक दिसलं, पेशंटवर ट्रायल सुरू झाली आणि २०१२ मध्ये ती बंद करावी लागली, स्ट्रोमा पातळ करणारं औषध मिळालेल्यांचं जास्त वाईट होत होतं. मग २०१४ मध्ये दोन वेगळ्या गटांनी उंदरांत फायब्रोब्लास्ट काढून किंवा कमी करून बघितले तर ट्यूमर आणखी पिसाळले. म्हणजे तोच शेजारी एका हाताने डबा देत होता आणि दुसऱ्या हाताने दार लावून धरत होता. त्याआधी कोलॅजेन कापणारी एन्झाइम बंद करायची औषधं येऊन गेली होती, तीही माणसात पडली. एकाच गाठीत चार स्वभावाचे फायब्रोब्लास्ट असतात आणि आपण सरसकट सगळ्यांना झोडपत होतो.

त्यापेक्षा शेजाऱ्याशी बोलणी करावी ही कल्पना मला पटते. बिसेलबाईंच्याच लॅबने १९९७ मध्ये केलेला प्रयोग ऐका. स्तनाच्या पेशी प्लॅस्टिकवर वाढवल्या तर चांगली आणि कॅन्सरची ओळखू येणं अवघड. मऊ जेलमध्ये वाढवल्या तर चांगल्या पेशी गोल होऊन, मध्ये पोकळी धरून, सुबक मणी करून थांबतात. कॅन्सरच्या पेशी वेड्यावाकड्या ढेकळासारख्या वाढतच जातात. त्यांनी त्या ढेकळांना इंटेग्रिन अडवणारी ॲन्टिबॉडी दिली, म्हणजे पेशी बाहेरच्या जाळ्याला ज्या हाताने धरते तो हात सैल केला. जीन्स तेच, बिघडलेले. आणि ती ढेकळं गोल मणी होऊन वाढायची थांबली. जेलमधला तो फोटो मी पहिल्यांदा बघितला तेव्हा डावीकडचा आणि उजवीकडचा एकाच पेशींचा आहे हे दोनदा वाचून खात्री केली.

बशीतल्या गोष्टी बशीतच राहतात म्हणाल. पण शेजाऱ्यांशी बोलणी करणारी औषधं पेशंटपर्यंत आलेली आहेत. लेट्रोझोल एक झालं. ट्रिपल निगेटिव्ह प्रकारच्या ब्रेस्ट कॅन्सरमध्ये ईआर, पीआर, हर-२ तिन्ही नसतात, पण ज्यांच्या गाठीत लिम्फोसाइट भरपूर शिरलेले असतात त्यांचं पुढे जास्त चांगलं जातं, आणि लिम्फोसाइटांचा ब्रेक काढणारं पेम्ब्रोलिझुमॅब अमेरिकेत २०२१ मध्ये धोका जास्त असलेल्या सुरुवातीच्या ट्रिपल निगेटिव्हसाठी केमोबरोबर मंजूर झालं. आपल्याकडे किंमत विचारू नका. कधी कधी स्लाइडवर दिसतं की लिम्फोसाइट आलेत पण कोलॅजेनच्या बाहेरच गर्दी करून उभे, वेशीवरच अडवलेले. बघून जीव तुटतो.

रात्रपाळी :

आणि हाडं राहिली. आमच्याकडे हाडात पसरलेल्या पेशंटना झोलेड्रॉनिक किंवा डेनोसुमॅब देतात, नातेवाईक विचारतात हे तर हाडाचं औषध, कॅन्सरचं कुठाय? कॅन्सरची पेशी स्वतः हाड खात नाही हो. ती पीटीएचआरपी नावाचं द्रव्य सोडते, त्याने हाड बांधणारी पेशी रँकएल नावाचा निरोप वाढवते, त्याने हाड खाणाऱ्या पेशी, ऑस्टिओक्लास्ट, जाग्या होतात. हाड विरघळलं की त्यात साठलेलं टीजीएफ-बीटा मोकळं होतं, आणि ते पिऊन कॅन्सरची पेशी आणखी पीटीएचआरपी सोडते. गोल गोल. ही औषधं त्या खाणाऱ्याला गप्प करतात. पाळी गेलेल्या बायकांना पसरलेलं नसतानाही झोलेड्रॉनिक काही वेळा देतात, हाडात रुजू नये म्हणून.

फक्त एक, ही इंजेक्शनं सुरू करायच्या आधी दात दाखवून घ्या. नंतर दाढ काढली तर जबड्याचं हाड भरून येत नाही असं काहींना होतं.

अबोली_२२ :

सिस्टर तुम्ही हे आज लिहिलंत आणि मावशीला पुढच्या महिन्यात तेच झोलेड्रॉनिक द्यायचं ठरलंय!! दातांचं आम्हाला कोणी बोललं नव्हतं. थांबा, फोन करते तिला.

अबोली_२२ :

(चार दिवसांनी) दाखवून आलो. खालची एक दाढ पोखरलेली निघाली, ती काढावी लागली, जखम भरली की मग इंजेक्शन द्या असं डेंटिस्टनी लिहून दिलंय, ऑन्कोवाल्यांनाही फोन करून कळवलं. दाढ काढताना लिडोकेन दिलं त्याआधी मी मावशीला फॉर्मॅलिनताईंनी खुसपटरावांना दिलेलं उत्तर वाचून दाखवलं होतं, तर ती तोंडात कापूस असताना डॉक्टरांना खुणेने म्हणतेय, जास्त द्या.

फॉर्मॅलिनवाली :

😂 मावशींना सांग, दाढेची जखम भरतेय म्हणजे त्यांचे फायब्रोब्लास्ट सध्या सरळ कामावर आहेत.